खिंडीतल्या दवाखान्याचा पांगारा

भोरवडी आणि तळेखेड या दोन गावांच्या मधल्या खिंडीत मिशनचा दवाखाना आहे. त्याला कुंपण आहे, पण फाटक नाही. एक गाडा जाईल एवढी मोकळी वाट सोडलेली, आणि तिच्या उजव्या हाताला हा म्हातारा पांगारा. फाल्गुनात नखशिखांत लाल होतो. पाहुणे त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात, हा लावला कुणी? तर ज्याच्या सावलीत आपण उभे आहोत त्याचीच शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणजे मी नाही पाहिला, माझ्या आज्यानं पाहिला. आणि तसं विचाराल तर आजाही तेव्हा दगडाच्या खाणीवर कामाला होता, त्यालाही परत आल्यावरच कळलं. पण खरं आहे.

त्या साली पटकी आली, असं सांगतात. सकाळी आडावर पाणी शेंदणारी बाई दुपारी तिरडीवर असायची. भोरवडीनं गाव बांधलं, म्हणजे चारी वाटांवर बाभळीचे काटे ओढून घेतले आणि ठरवलं की आतलं माणूस बाहेर जायचं नाही. आजारी माणूस शीव ओलांडून गेलं, तर मरीआई चिडून दुप्पट पावलांनी परत येते, असा समज. बाहेर जायचा तो फक्त तिचा गाडा. लाकडी गाड्यात देवी बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, कडुनिंबाचा पाला रचायचा आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेत ढकलून द्यायचा. मग पटकी त्या गावाची. त्या गावानं पुढच्या गावाला द्यायची.

गाड्याच्या पुढे चालायचा मान लहानू पोतराजाचा. गाव बांधलं ते त्यानंच. प्रत्येक वाटेवर आसूड ओढून त्यानंच बजावलं होतं, "जो ओलांडंल त्याला आई सोडायची नाही." आठवडाभरात त्याची बायको गेली. आणि गाडा निघायचा त्याच सकाळी त्याची पोर ठमी, सात-आठ वर्षांची असेल, उंबऱ्यात बसली ती उठेना. डोळे खोल गेले, बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली. लहानूनं अशी बोटं पाहिली होती. बायकोची.

आता खिंडीतला दवाखाना तेव्हाही होता. दोन्ही गावांनी नाकारलेला खडकाळ तुकडा, म्हणून तर मिशनला मिळालेला. तिथं शलोमीबाई पाटोळे नावाची नर्स एकटी राहायची. भोरवडीचं कुणी तिकडं फिरकत नसे. तिथं गेलं की देव बाटतो, आणि तिथलं पाणी पोटात गेलं की जीव त्यांच्या देवाच्या वहीत चढतो, असं बोललं जायचं. लहानू मात्र एकदा गेला होता. आसुडाची जखम चिघळून दंडात किडे झाले होते.

"देवीनं मारलं का तू?" बाईनं धुता धुता विचारलं होतं.

"देवीच्या नावानं मीच."

"मग औषधही तिच्याच नावानं लाव. माझी हरकत नाही."

एवढंच. पण त्या सकाळी त्याला तेवढंच आठवलं. गावाबाहेर जाणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्याच्या हाती होती. त्यानं ठमीला उचललं, गाड्यात देवीच्या मागं निजवलं, वर लुगडं ओढलं, वर पाला रचला. देवीकडं त्यानं पाहिलं नाही म्हणे. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिची नजर चुकवली.

दोर ओढत गाव निघालं. हलगी वाजत होती तोवर ठीक होतं. शीव जवळ आली की हलगी थांबवायची, मुकाट चालायचं, मागं बघायचं नाही, हा रिवाज. त्या शांततेत लहानूला पाठीमागचा पाला ऐकू यायला लागला. सळसळ झाली की वाटायचं, आता कुणीतरी विचारणार. सळसळ थांबली की त्याहून वाईट वाटायचं. मागं बघता येत नव्हतं. आपण जिवंत पोर ओढतोय का दुसरं काही, हे कळायला मार्ग नव्हता. पायातले घुंगरू त्याला स्वतःचे वाटेनात.

खिंडीत पोचले तर समोर तळेखेड उभं. गोफणी, कुऱ्हाडी, पोरांच्या हातातसुद्धा दगड.

"माघारी न्या," त्यांचा पाटील म्हणाला. "तुमची आई तुम्हाला लखलाभ."

"मागल्या खेपेला आमच्या शिवेवर कुणी सोडली होती? तुमचीच हाय. घ्या परत," भोरवडीकर म्हणाले.

"एक पाऊल पुढं आलात तर पोतराज पहिला पडंल."

लहानू मधोमध. माघारी न्यावा तर गाडा गावात रिकामा होणार, पाला काढला जाणार. पुढं न्यावा तर दगड. डाव्या हाताला दवाखान्याचं दार, वीसेक हातांवर, आणि त्या दाराकडं मान वळवायचीही त्याला भीती वाटत होती.

तेवढ्यात गाड्यातून आवाज आला. बारीक, कोरडा, वाळल्या पानावरून काहीतरी घासत गेल्यासारखा.

"पाणी."

दोन्ही गावांनी ऐकला. कुऱ्हाडी खाली आल्या. एक म्हातारी जमिनीवर पालथी पडली, तिच्यामागोमाग सगळे. मरीआई बोलली होती. आजवर ती अंगात यायची, घुमायची, पण लाकडाच्या तोंडानं कधी बोलली नव्हती. पुन्हा आवाज आला, "पाणी." कुणी हलेना. कारण देवीला जो पाणी पाजतो त्याच्या घरी ती मुक्कामाला जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. शेकडो माणसं, कित्येकांच्या कमरेला पाण्याचा भोपळा, आणि सगळ्यांची तोंडं मातीत.

लहानूच्या कमरेलाही भोपळा होता. त्यानं हात घातला तर सगळं उघडं पडणार होतं. पोर तहानेनं मरते आहे आणि आपण तिच्याकडं पाठ करून उभे आहोत, या विचारानं त्यानं आसूड स्वतःच्याच अंगावर ओढला. गाव म्हणालं, पोतराजाला संचार झाला.

तेव्हा दवाखान्याचं दार उघडलं. पांढऱ्या लुगड्यातली शलोमीबाई तांब्या घेऊन आली. गाड्याशी वाकली. लुगड्याच्या काठाखालून एक टाच बाहेर आली होती, तिच्यावर गोंदणाचा हिरवा ठिपका. बाईनं ती पाहिली. लहानूनं बाईला पाहताना पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश, बापाला आणि लेकीला तिथंच ठेचलं असतं.

बाईनं लुगड्याचा काठ हलकेच खाली ओढला. तांब्या पाल्यात घातला. पाणी पिण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पाणी इथलं प्यायली, आता इथंच राहील," ती म्हणाली. "लहानू, गाडा आत घे."

दोन्ही गावांना हेच हवं होतं. ना तुमची, ना आमची. गाडा आत गेला आणि बाहेर तळेखेड नि भोरवडी, जन्मात पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून, दवाखान्याभोवती काटे रचायला लागली. आतून बाहेर यायला वाट ठेवायची नाही, असं ठरलं. काटा ओढल्याचा तो खरखराट संध्याकाळपर्यंत चालला होता म्हणे.

आत बाई ठमीला चमच्यानं पेज पाजत होती. तांदळाची पातळ पेज, मीठ आणि गूळ. ओकली की पुन्हा. "हिच्यात जेवढं पाणी जातंय तेवढं निघतंय," ती म्हणाली. "आपण थांबायचं नाही. चमचा धर."

"बाई, आई मला सोडायची नाही. तिच्या नावानं खोटं केलं मी."

"खोटं मीही केलं. बोलले नाही, पण केलं. चमचा धर."

पण त्याला राहवेना. काट्यांच्या शेवटच्या फटीशी जाऊन त्यानं पांगाऱ्याची एक फांदी जमिनीत रोवली आणि नवस बोलला. आई, पोर उठली तर तिच्या हातानं ही फांदी उपटवीन. नाही उठली, तर ती तुझी आणि फांदीही तुझी.

दुसऱ्या दिवशी काट्याबाहेर एक म्हातारा कण्हत पडलेला सापडला. घरच्यांनी आणून टाकला होता. मरीआई इथं मुक्कामाला आहे, तर तिचं दुखणं तिच्याच पायाशी नेऊन घालावं, असा त्यांनी हिशोब केला, आणि जाताना लहानूची फांदी पाहून तशीच एक रोवून गेले. मग बायका आल्या, पोरं आली. दोन्ही गावांची. ज्या दवाखान्यात औषधाला कुणी आलं नसतं, तिथं देवीच्या भीतीनं माणसं आणून टाकली. आत घ्यायला काटे दूर करावे लागले, आणि ती गाड्याएवढी वाट जी मोकळी झाली ती आजतागायत. लहानू आसूड टाकून रात्रंदिवस पेज पाजत राहिला. बहुतेक माणसं उठली. ज्यानं त्यानं जाताना आपली फांदी उपटली. ठमीनंही बापाचं बोट धरून आपली उपटली, आणि लहानू लेकीला कवटाळून ढसाढसा रडला.

पुढं मिशनच्या पाळकांनी जाब विचारला म्हणे, "देवीला पाणी पाजलंस?" शलोमीबाई म्हणाली, "तहानलेल्याला पाजलं."

आजही दवाखान्यात कुणाला दाखल केलं की घरचे वाटेशी पांगाऱ्याची फांदी रोवतात, आणि बरं झालेलं माणूस ती स्वतःच्या हातानं उपटून घरी जातं. त्या फांद्यांवर स्वयंपाकघरात पाणी तापतं, धूर फार होतो म्हणून आताच्या सिस्टर कुरकुरतात. जी फांदी उपटायला कुणी येत नाही तिला हात लावायचा नाही. ती फुटते. मागच्या उतारावर ते जे लाल दिसतंय, ते तेच. आषाढात गाडा आजही येतो, वाटेतून आत वळतो, सिस्टर तांब्या घेऊन उभ्या असतात. आणि तो समोरचा बाक पाहा. त्यावर बसलेल्यांची नजर आजही दाराकडं नसते, आपापल्या फांदीकडं असते. त्यांना मी ही गोष्ट आता सांगितली तशीच सांगतो.

तुम्ही पाहुणे आहात, तुमचं कुणी आत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. पाणी मागितलं हे खरं. पाजलं हे खरं. लहानू मरेपर्यंत इथंच पेज पाजत राहिला हेही खरं. ठमीनं फांदी उपटली, तेवढं माझ्या पदरचं. उपटली असती तर आत्ता आपण उन्हात उभे असतो.