कुत्र्याच्या पोटातली कोंबडी

"कोंबडी कुत्र्याच्या पोटात आहे. तिला जिवंत बाहेर काढा, नाहीतर कुत्र्याला फासावर चढवा!"

रायाजीराजांनी निवाडा दिला आणि सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. डोलावतील नाहीतर काय करतील? दिलेला निवाडा राजांनी जन्मात कधी मागे घेतला नव्हता. एकदा भर वैशाखात ते 'आज थंडी आहे' म्हणाले, तर दरबार संध्याकाळपर्यंत घोंगड्या पांघरून घाम गाळत बसला होता.

हरवली होती चांदणी, राजांची लाडकी कोंबडी. काळी कुळकुळीत, अंगभर पांढरे ठिपके, राजांच्या पणजोबांपासून जपलेलं गावठी वाण. आरोपी होता भुंग्या, राजवाड्याच्या कुंपणाला लागून मळा असलेल्या तुळाजीचा कुत्रा. पुरावा म्हणजे भुंग्याच्या मिशीला चिकटलेलं एक ठिपक्यांचं पीस.

तुळाजीने थेट लोटांगण घातलं. बोलली ती त्याची मुलगी भिवरा. भुंग्याला तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं.

"महाराज, ह्यो कोंबड्यांतच वाढलाय. ल्हान व्हता तवा अंड्यांवर बसलेल्या आमच्या खुडूक कोंबडीनं नाकावर अशी चोच हाणली, की आजबी कोंबडी आली का ह्यो ताटावरनं उठतो."

"म्हणजे माझा निवाडा चुकला म्हणतेस?"

"तसं कसं म्हणीन जी? तुमी म्हणता तर कोंबडी पोटातच. पर काढायला तीन आठवडं तरी द्या."

"एवढे दिवस कशाला?"

"खाल्लेलं परत काढायला येळ लागतोच. कारभारीसाहेबांना इचारा."

दरबारात खसखस पिकली. कारभारी छताकडे बघू लागले. राजांनाही हसू आलं. "दिले तीन आठवडे," ते म्हणाले. "पण आमचे राजवैद्य रोज येऊन पोट तपासतील."

आता खरी गोष्ट सांगतो. चांदणी जिवंत होती आणि भिवराने तिला आदल्याच दिवशी पाहिलं होतं. झालं होतं असं, की चांदणीने अंडं घातलं रे घातलं, की आचारी ते राजांच्या न्याहारीसाठी उचलून न्यायचा. बिचारी कंटाळली. कुंपण ओलांडून तुळाजीच्या बांधावरच्या करवंदीच्या जाळीत शिरली आणि तिथे अंडी घालून उबवायला बसली. मुंगूस येऊ नये म्हणून भुंग्या जाळीत तोंड घालून पहारा करायचा. पीस चिकटलं ते तिथेच.

हे दरबारात सांगावं, तर निवाडा चुकू नये म्हणून राजे 'ही चांदणीच नव्हे' असं म्हणून भुंग्याला लटकवायचे आणि अंडी तव्यावर जायची. तेव्हा कोंबडी पोटातूनच निघाली पाहिजे, हे भिवराने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी राजवैद्य त्रिंबकबुवा आले. भुंग्या नुकताच ताक-भाकरी चेपून आडवा झाला होता. बुवांनी त्याच्या पोटाला कान लावला. आत गुडगुडत होतं.

"कोंबडी खुशाल आहे," बुवा म्हणाले. राजांनी सांगितलेली कोंबडी त्यांना ऐकू न येऊन कसं चालेल?

"तिला खायला काय घालू, बुवा?" भिवराने गंभीरपणे विचारलं.

"जोंधळ्याच्या कण्या."

मग रोज भुंग्यापुढे कण्या ठेवल्या जायच्या, घरच्या कोंबड्या येऊन त्या फस्त करायच्या आणि भुंग्या लांब बसून बघायचा. बुवा रोज दरबारात खबर द्यायचे. आज कोंबडी फडफडली. आज कोंबडी झोपली आहे. आज जरा रागात दिसते.

मुदत भरली त्या सकाळी दरबारात वरातच आली. पुढे भुंग्या, मागे चांदणी आणि तिच्या मागे चिवचिवणाऱ्या पिल्लांची रांग. एक आळशी पिल्लू भुंग्याच्या पाठीवर बसून आलं होतं.

"चांदणी!" राजे सिंहासनावरून खालीच उतरले. "कधी निघाली?"

"पहाटे जी. आदी ही, मग पिल्लं."

"बघितलंत? माझा निवाडा खरा ठरला!" राजांची छाती फुगली. "कुत्रा सुटला. चांदणी आणि तिची पिल्लं आमच्या खुराड्यात न्या."

भिवरा आडवी आली. "कोंबडी न्या. पिल्लांना हात लावायचा न्हाई."

"का? कोंबडी माझी, मग पिल्लंही माझीच."

"कोंबडी तुमच्याकडनं आत गेली, म्हून ती तुमची. पिल्लं कुठं आत गेली व्हती? ती जन्मालाच आली भुंग्याच्या पोटातनं. जो ज्याच्या पोटी जन्मला, तो त्याचा. ही भुंग्याची लेकरं हाईत, महाराज. नसतील, तर मग कोंबडी पोटात नव्हतीच. तसं तुमी एकदा म्हणा, म्हंजे मी आत्ता पिल्लं देते."

राजांनी वैद्यबुवांकडे पाहिलं.

"मी तर रोज कान लावून ऐकत होतो," बुवा पुटपुटले.

राजांनी भुंग्याकडे पाहिलं. आळशी पिल्लू आता त्याच्या डोक्यावर चढलं होतं आणि ते पडू नये म्हणून भुंग्या मान ताठ धरून बसला होता. राजांच्या मिशा थरथरल्या. मग त्यांना जे हसू फुटलं, ते पागोटं घरंगळून खाली पडेपर्यंत थांबेना.

"हरलो, पोरी! पिल्लं भुंग्याची. तुमच्या मळ्याला लागून असलेला आमचा जमिनीचा तुकडाही तुझा, लेकरांना बागडायला जागा हवी." त्यांनी डोळे पुसले. "कारभारी, भुंग्याच्या घरी बाळंतविडा पाठवा. डिंकाचे लाडू, कुंची, टोपडी, काही कमी पडता कामा नये. आणि वैद्यबुवा, बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावायला रोज तुम्हीच जायचं!"

दुसऱ्या दिवशी बुवा तेलाची वाटी घेऊन तुळाजीच्या दारात हजर झाले. भुंग्याने तेल काही लावून घेतलं नाही. लाडू मात्र सगळे संपवले.