राणीच्या पायाचा दोषी

फार फार वर्षांपूर्वीची, राज्यं लहान आणि मिशा मोठ्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका राणीचं एक म्हणणं तिच्या राज्यात कुणीच खरं मानत नव्हतं.

"मी म्हटलं आज पाऊस पडेल, तर अख्खा दरबार छत्र्या उघडून बसतो," राणी चिडून म्हणायची. "मी म्हटलं भाजीत मीठ जास्त झालंय, तर आचारी घळाघळा रडतो. आणि मी म्हणते माझा पाय डासांमुळे सुजलाय, तर मेले सगळे दात काढतात!"

पाय खरंच सुजला होता. उजवा आपला सडसडीत, आणि डावा गुडघ्याखाली असा जाड, जसं उखळच बांधलंय. डोंगरातल्या माहेराहून लग्न होऊन आली तेव्हा तिचे दोन्ही पाय सारखेच होते. सासर पडलं मैदानात. किल्ल्याभोवती रुंद खंदक, खंदकात हिरवंगार कुजकं पाणी, आणि दिवस कलला की पाण्यावर डासांचे ढग. काही वर्षं राणीला थंडी वाजून ताप येत राहिला. मग जांघेत गाठ आली. मग पाय सुजला, तो सुजलाच.

पुढे राजा वारला आणि गादी राणीकडे आली. राणी काठी टेकत सिंहासनापर्यंत गेली. पाय दिसू नये म्हणून प्रधानाने तिथे जरीचा पडदा लावला होता. राणीने तो ओढून काढला, त्याची घडी करून चौरंगावर टाकली, वर पाय ठेवला आणि म्हणाली, "हं, बोला आता. कुणाचं काय काम आहे?"

असली ती राणी. पण तिची प्रजा तिच्याहून हट्टी.

त्या राज्यात रोगाला रोग म्हणतच नसत. कुणी आजारी पडलं की सभा बसायची आणि दोषी ठरवायची. कुणाची नजर लागली, कुणी करणी केली, त्याचं नाव दवंडी पिटून सांगायचे. शिवाय दोषी हवा रोग्याच्या तोलामोलाचा. कुंभाराच्या तापाला दुसरा कुंभार चालायचा, पण पाटलाच्या पोटदुखीला पाटीलच लागायचा. एकदा एका सरदाराला हगवण लागली. रात्री त्याने शिळी बासुंदी वाटीवर वाटी चापली होती, हे त्याच्या बायकोने चारचौघांत सांगितलं. पण बासुंदीला दोषी कसं धरणार? शेजारच्या सरदाराला धरलं. दोन घरांचं बोलणं तुटलं, आणि बासुंदी तेवढी सुटली.

राणीने मात्र डोळे उघडे ठेवून बघितलं होतं. माहेरी डोंगरावर असा पाय एकाचाही नव्हता. इथे खंदकाकाठच्या वस्तीत कितीतरी घरांत होता. तिच्याबरोबर माहेरच्या दोन दासी आल्या होत्या. एक खाटेभोवती पातळ लुगडं बांधून आत झोपायची, ती ठणठणीत. दुसरी म्हणायची, "मला बाई गुदमरतं," आणि उघड्यावर झोपायची. तिचा पाय राणीसारखा झाला. राणीला कळायचं ते कळलं. डास एकाच्या रक्तातला रोग उचलतो आणि दुसऱ्याच्या रक्तात नेऊन सोडतो.

मग दर बाजाराच्या दिवशी राणी बैलगाडीत बसून बाजारात जायला लागली. गाडीच्या साटीवर पाय लांब करायची आणि ओरडून सांगायची, "या, बघा! झाकून ठेवू नका असला पाय. रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करा, बसताना उंचावर ठेवा. झोपताना अंगाभोवती कापड बांधा. आणि दारातलं पाणी साचू देऊ नका!"

लोक यायचे, पायावर हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे आणि जायचे.

"अरे, पाया पडू नका, पाय बघा!" राणी किंचाळायची.

"बघितला, राणीसाहेब," एक म्हातारी हात जोडून म्हणाली. "असा ऐसपैस पाय नशिबात असावा लागतो. आमचे हे बघा, काटक्या."

दरबारात तर आणखी तऱ्हा. राणीचा पाय मोठा आणि आपला बारीक, हे बरं दिसत नाही म्हणून सरदार डाव्या पायाला चिंध्या गुंडाळून यायला लागले. जो जास्त निष्ठावान, त्याच्या चिंध्या जास्त. एकाने चुकून उजव्या पायाला गुंडाळल्या, तर सगळ्यांनी त्याच्याकडे फितुरासारखं बघितलं.

राणीने सांगितलं, "खंदक आटवा."

प्रधान ताडकन उभा राहिला. खंदक आणि लढाई, ही दोन कामं सभेची. तिथे राणीच्या हुकमावरही सभेचाच कौल चाले. "राणीसाहेब, खंदक आटवला तर नदीपलीकडचा राजा उद्याच आत घुसेल!"

"तो येईल तेव्हा येईल, प्रधानजी. डास रोज येतात."

"पुन्हा डास!" प्रधानाने कपाळावर हात मारला. "अहो, डास केवढा, तुमचा पाय केवढा! डासाने राणीचा पाय सुजवला असं बाहेर कळलं तर आपल्या राज्याची काय शोभा? भिकाऱ्यालाही डास चावतो. तुम्हाला दोषी हवा तो तुमच्या तोलाचा. आता सभेला तुमच्या पायाचा निकाल लावलाच पाहिजे."

सभा बसली. कुणी म्हणालं सवत असती तर बरं झालं असतं, तिचं नाव घेता आलं असतं. कुणी म्हणालं सासू, पण ती वारून बरीच वर्षं झालेली. बारीकसारीक माणूस चालेना. शेवटी ठरलं, एवढा मोठा पाय एखाद्या राजाशिवाय कोण सुजवणार? दोषी नदीपलीकडचा राजा! करा लढाई!

राणीच्या पायाच्या नावाने बायांचे नवरे, आयांचे लेक मरायला निघाले होते. तिने आरडाओरडा केला, काठी आपटली, प्रधानाला नाही नाही ते बोलली. सभा खाली मान घालून ऐकत राहिली आणि बाहेर जाऊन भाले घासायला लागली.

"ठीक आहे," राणी म्हणाली. "पायाची लढाई ना? मग पाय सगळ्यात पुढे जाणार. जुंपा गाडी."

त्या काळी लढाईआधी एक रीत पाळत. दोन्ही राज्यांचे धनी नदीच्या वाळूत समोरासमोर येत आणि आपापलं गाऱ्हाणं सांगत. गाऱ्हाणं मिटलं तर घरी जायचं, नाही मिटलं तर मारामारी. आजवर कुणाचंच मिटलं नव्हतं, कारण दोघंही एकाच वेळी बोलत.

दिवस कलताना राणीची गाडी वाळूत उभी राहिली. पलीकडून राजाची पालखी आली. मिशा कानापर्यंत, आणि मांडीपासून खाली घोंगडी पांघरलेली. एवढ्या उकाड्यात घोंगडी!

"महाराज, माझी माणसं म्हणतात, माझा पाय तुम्ही सुजवला," राणीने सरळच सुरुवात केली आणि पाय पुढे केला.

राजा पायाकडे बघतच राहिला. त्याच्या मिशा हळूहळू खाली आल्या. मागे कुणी ऐकत नाही ना हे बघून तो पुटपुटला, "राणीसाहेब... आमचा प्रधान म्हणतो, आमचा तुम्ही सुजवला."

त्याने घोंगडीचं टोक उचललं. उजवा पाय. उखळासारखाच.

"अगं बाई!" राणी म्हणाली. "आधी ताप यायचा?"

"थंडी वाजून. दात असे वाजायचे की पहारेकरी दचकायचा."

"जांघेत गाठ?"

"राणीसाहेब, फौजा उभ्या आहेत. हळू बोला."

"तुमच्याकडे खंदक आहे?"

"आहे तर! तुमच्या भीतीने खणलाय."

"आमचा तुमच्या भीतीने," राणी म्हणाली.

तेवढ्यात डास आले. राणीने गालावर चापट मारली, राजाने मानेवर. दोघांनी आपापला तळहात बघितला, मग एकमेकांचा.

"घ्या," राणी म्हणाली, "हा बघा तुमचा माझा वैरी. आता तुमच्या फौजेला पाय दाखवा, म्हणजे त्यांनाही कळेल."

राजा घाबरला. "छे छे! फक्त प्रधानाला आणि वैद्याला माहीत आहे. फौजेने हा पाय बघितला तर मला राजा कोण म्हणेल?"

"मला म्हणतात की!" राणी कडाडली. "मी हा पाय चौरंगावर ठेवून न्यायनिवाडे करते. पाय सुजलाय, अक्कल नाही सुजली. तुम्ही तो पाय घोंगडीत कोंडून ठेवलाय, धूत नाही, वारा लागू देत नाही, चिघळेल तो! आणि वर त्याच्यासाठी पोरांचे जीव घेणार? लाज पायाची वाटायची की या गोष्टीची?"

राजाने मिशांना पीळ दिला. मग त्याने घोंगडी वाळूत फेकली, राणीच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दोघं एकेका जाड पायावर भार सांभाळत दोन्ही फौजांसमोर उभी राहिली.

कुणी हसलं नाही. पलीकडच्या फौजेतून एक भालेकरी पुढे आला आणि त्याने आपलं धोतर वर केलं. मग दुसरा. मग इकडचा एक घोडेस्वार खाली उतरला. वर्षानुवर्षं झाकलेले पाय उघडे पडत गेले. इकडच्या सरदारांनी लाजत लाजत चिंध्या सोडल्या. काहींच्या चिंध्यांतून काटक्या निघाल्या. काहींच्या चिंध्यांतून मात्र खरेच सुजलेले पाय निघाले. सोंगाच्या आडोशाला त्यांनी दुखणं लपवलं होतं.

प्रधान शेवटी राहिला. त्याने डाव्या पायाची चिंधी सोडली. ती सगळ्यात लांब होती, सुटता सुटेना. आत बगळ्यासारखा पाय.

"हात्तिच्या!" राणी म्हणाली. "निष्ठा तेवढी जाड."

प्रधान हसला नाही. त्याने खाली बघत उजव्या पायावरचं धोतर उचललं. तो पाय घोट्यापासून वर फुगलेला होता, कातडी ताणून चकाकत होती.

"कधीपासून?" राणीचा आवाज एकदम मऊ झाला.

"दोन उन्हाळे झाले. डाव्याचं सोंग होतं म्हणून उजव्याकडे कुणी बघितलं नाही."

"अहो, मग मला सांगायचं ना! बाजारात घसा कोरडा करून मी काय सांगत होते?"

"सांगितलं असतं तर सभा बसली असती, राणीसाहेब. माझ्या तोलाचा दोषी शोधला असता. म्हणजे यांच्याकडचा प्रधान." त्याने पलीकडच्या प्रधानाकडे बोट दाखवलं. "आणि तो माझा साडू आहे."

पलीकडच्या प्रधानाने मान डोलावली. त्यालाही ते पटलं.

"आता बोला," राणी म्हणाली. "राजा दोषी की डास?"

प्रधानाने मानेवर चापट मारली, तळहात बघितला आणि उसासा टाकला. "डास. पण राणीसाहेब, दवंडीत नुसतं डास कसं म्हणायचं? दोन राज्यांच्या धन्यांना ज्याने जेरीस आणलं, त्याला काहीतरी पदवी द्या. नाहीतर लोक मानायचे नाहीत."

राणीने आधी डोळे वटारले. मग तिला बाजारातल्या सगळ्या नारळांची आठवण झाली आणि ती म्हणाली, "द्या! हवी ती द्या. सरदार करा, सुभेदार करा, पण खंदक आटवा."

तसंच झालं. भाले घेऊन आलेल्या दोन्ही फौजा फावडी घेऊन परत गेल्या. इकडचा खंदक आटला, तिकडचाही आटला. गाळात इकडे वांगी लावली, तिकडे दुधी. कुणीही कुणाच्या राज्यात घुसलं नाही, वांगी न्यायला आले तेवढेच. राणीचा पाय काही पहिल्यासारखा झाला नाही, राजाचाही नाही, प्रधानाचाही नाही. आलेली सूज सगळी कुठली जायला! पण तिघंही रोज पाय धुवायची, कोरडे करायची, उंचावर ठेवायची, आणि दणकून कामं करायची. त्यानंतर जन्माला आलेली पोरं मात्र सरळ, बारीक पायांनी आटलेल्या खंदकात लपाछपी खेळली.

आणि दोन्ही राज्यांत दवंडी पिटली. या वेळी लोकांनी ती ऐकली, मानली, आणि खाटांभोवती लुगडी बांधली.

तर बायांनो, बाप्यांनो, पोराटोरांनो, ध्यानात ठेवा: आजार लपवू नका, आणि त्याचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारण्याआधी आपल्या दारातलं पाणी बघा. एवढं करूनही कुणाच्या नावाने बोटं मोडायचीच असतील, तर दवंडीत आलेलं नाव घ्या: श्रीमंत सरदार खंदकाधिपती डासराव.