खुपसे मास्तरांचा डिपर

एका गावात गाडी शिकवणारे एक मास्तर होते. बळवंत खुपसे त्यांचं नाव. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यातून पळायला.

उतारवयात ते बायकोला, सिंधूला, घेऊन परदेश बघायला गेले. तिथंही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या अंगानं चालायच्या. मास्तरांना चेव आला. त्यांनी भाड्यानं मोटार घेतली.

गाडी देणारी पोरगी म्हणाली, "साहेब, इथल्या रस्त्याच्या चार रीती सांगते, ऐकून घ्या."

"मी लोकांना शिकवतो, बाई. चावी दे."

"ऐका की हो," सिंधू म्हणाली. "कानाला काय भाडं पडतंय?"

मास्तर तोवर गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

दुपारी डोंगरात एक पूल लागला. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. पलीकडून एक म्हातारा निळ्या गाडीतून आला आणि थांबला. मास्तरांनी डिपर मारला. दिव्यांची उघडझाप केली हो! आपल्याकडं त्याचा अर्थ, थांब, मी आधी येतो. म्हाताऱ्यानं हात वर केला आणि गाडी पुलावर घातली. मास्तरांनीही घातली. तो थांबेल असं धरून त्यांनी ब्रेक दाबलाच नाही. दाबला तेव्हा उशीर झाला होता. मधोमध गाड्या धडकल्या.

म्हाताऱ्याच्या कपाळातून रक्त आलं. पोलीस आला. म्हातारा म्हणाला, "यांनी दिवा दाखवून मला बोलावलं."

पोलिसानं मास्तरांना बाजूला घेतलं. "हा वॉल्टर. याची बायको शहरातल्या इस्पितळात पडून आहे. याच्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही, म्हणून हा रोज गाडीनं जातो. इथं दुसरं वाहन नाही. चूक याची ठरली तर याचं लायसन जाईल. खरं सांगा, दिवा दाखवलात?"

मास्तरांच्या मते चूक म्हाताऱ्याचीच होती. पण डिपरचं कबूल करून भानगड कशाला? मास्तरच ठोकून आले, असं गाव म्हणेल.

"नाही," ते म्हणाले.

"अहो..." सिंधू पुढं झाली.

"तू गप."

ती गप बसली. वॉल्टरचं लायसन तिथंच काढून घेतलं.

आठ दिवसांनी मास्तर गाडीचे कागद द्यायला त्या पोरीकडं गेले. तावातावानं म्हणाले, "मी डिपर मारला, तरी म्हातारा आलाच!"

पोरगी बघतच राहिली. "आमच्याकडं दिवा दाखवला म्हणजे, या, तुम्ही आधी. हेच तर सांगणार होते."

 मास्तर तडक सिंधूला घेऊन पोलिसाकडं गेले आणि सगळं खरं सांगितलं.

पोलिसानं लायसन टेबलावर काढून ठेवलं. "हे देतो मी त्याला. पण आता तो जाणार कुठं? बायको परवा गेली त्याची. नर्स चमचा घेऊन बसायच्या, ती दाराकडं बघायची. तोंड उघडलंच नाही तिनं."

दोघं परत निघाले. सिंधू म्हणाली, "मी तरी कुठं बोलले?"



तात्पर्य: परक्या मुलखात चाक हातात घेण्याआधी तिथली रीत विचारावी, त्यानं कुणाची मास्तरकी जात नाही. आणि खरं बोलायचं तर वेळेवर बोलावं. उशिरा सांगितलेलं खरं सांगणाऱ्याला हलकं करतं, ज्याचं गेलं त्याला काही परत देत नाही.