बागपेठेत ‘येतो’ म्हणत नाहीत

निंबापूरच्या जुन्या शहरात टेकडीच्या पायथ्यापासून नदीकडे उतरत जाणारी एक पेठ आहे, तिचं नाव बागपेठ. वरपासून खालपर्यंत सात घरं आणि प्रत्येक घरामागं एक बाग. रविवारी सकाळी ही घरं आणि बागा लोकांना दाखवतात. पाहुणे टोप्या घालून येतात, पहिल्या बागेत मोगरा हुंगतात, तिसरीतल्या अंजिराखाली फोटो काढतात आणि सातव्या बागेत पोचेपर्यंत घामेजून जातात. तिथं काळ्या दगडाचं एक कमळ आहे. त्याला चोवीस पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक भोक. कोळ्यांनी त्या भोकांवर जाळी विणलेली आहेत.

“हे कारंजं कधी चालू असतं?” असं कुणीतरी विचारतंच.

“नसतं,” सोपानराव ताजणे सांगतात. ते एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, आता पेठ दाखवायचं काम करतात. हसण्याची त्यांना सवय नाही. मग ते सगळ्यांना जवळच्या उसाशाच्या कठड्यावर बसवतात. उसासा म्हणजे कमरेइतक्या उंचीचा, वरून उघडा असलेला दगडी बुरूज. टेकडीवरच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून या बागांना येत असे, त्या नळात हवा खेळती राहावी म्हणून प्रत्येक बागेत असा एक उसासा बांधलेला आहे.

“आणि एक लक्षात ठेवा,” सोपानराव म्हणतात, “निघताना या पेठेत कुणाला ‘येतो’ म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“जातो म्हणायचं.”

पाहुणे एकमेकांकडे बघतात. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द सहज निघत नाही. निरोप घेताना ‘जातो’ म्हणणं अभद्र, हे त्याला चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. सोपानराव सांगायला लागतात.

दोनशे वर्षांपूर्वी, असं सांगतात, या नळाची राखण हैबती नावाच्या माळ्याकडे होती. तळ्याचं पाणी आधी पेठेच्या माथ्यावरच्या मोठ्या हौदात यायचं. हौदाच्या तोंडाशी दगडी खाच आणि त्यात सागवानी फळी. फळी उचलली की पाणी नळात शिरायचं आणि सातही बागांखालून धावत जायचं. सातवी बाग सगळ्यांत खाली, म्हणून तिथलं कारंजं सगळ्यांत उंच उडायचं. ते बघायला म्हणे लांबून माणसं येत.

नळ माणूस रांगत जाईल एवढा होता. झाडांच्या मुळ्या त्याच्या सांध्यांतून आत शिरायच्या आणि पाणी अडवायच्या. दर वैशाखात फळी टाकून हैबती पहिल्या उसाशातून आत उतरायचा, मुळ्या तोडत तोडत सातव्यातून बाहेर यायचा. हौदाशी फळीजवळ कुणीतरी बसलेलं असायचं. नळात बोललेलं हौदाशी स्पष्ट ऐकू येई, फक्त माणूस कितव्या बागेखालून बोलतोय ते कळत नसे, सगळीकडून आवाज सारखाच. म्हणून बापजाद्यांपासून दोनच शब्द ठरलेले होते. एका उसाशाखालून पुढच्या उसाशाकडे निघताना ‘जातो’ म्हणायचं. सातव्याच्या पायऱ्या लागल्या, बाहेर पडायला लागलं, की ‘येतो’ म्हणायचं. मग वरच्यानं शंभर आकडे मोजायचे आणि फळी उचलायची.

हैबतीचं लग्न झालं आणि फळीजवळ त्याची बायको बसू लागली. तिचं नाव सगुणा. तिचा बाप फौजेबरोबर पखालीनं पाणी वाहायला गेला होता. घाईघाईत उंबऱ्यातून “जातो गं पोरी” म्हणाला आणि परत आला नाही. त्या शब्दानंच बापाला नेलं, असं सगुणाच्या मनानं घेतलं होतं. पहिल्याच वैशाखात नळातून नवऱ्याचं ‘जातो’ वर आलं, तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिनं हैबतीला देवापुढं बसवलं आणि बेलभंडारा उचलायला लावला.

“ह्या तोंडातनं ‘जातो’ निघता कामा न्हाई,” ती म्हणाली. “नळात न्हाई, घरात बी न्हाई.”

“अगं, कामाचा शब्द हाय तो.”

“असंल. मला न्हाई सोसत.”

हैबती हसला, पण शपथ त्यानं मनापासून घेतली. बायकोवर त्याचा फार जीव होता, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावरून त्याची चेष्टाही व्हायची. त्या दिवसापासून तो पुढं निघताना पहारीचा एक ठोका दगडावर द्यायचा. रोज सकाळी घरातून निघताना मात्र उंबऱ्यात थांबून “येतो गं” म्हणायचा. ते ऐकल्याशिवाय सगुणा चुलीपुढून उठायची नाही. अशी नऊ वर्षं सुखात गेली.

दहाव्या वैशाखात सातव्या घरचे यजमान रंगराव दरेकर यांनी दरबारच्या पाहुण्यांना बागा बघायला बोलावलं. पाहुण्यांनी वरून सुरुवात करायची, एकेक घर, एकेक बाग बघत उतरायचं आणि ते सातव्या बागेच्या दारात आले की कारंजं उडायचं, असा बेत होता. नेमकं आदल्या दिवशी कारंज्याचं पाणी बारीक झालं. दरेकरांचे कारभारी नारोपंत यांचं धाबं दणाणलं. त्यांनी दिवस उजाडताच हैबतीला नळात उतरवलं.

मुळ्या त्या वर्षी चिवट होत्या. दुपार कलली तरी काम पाचव्या बागेपर्यंतच आलं होतं. तेवढ्यात पाहुणे पहिल्या घरात शिरले. बागेत गुलाबपाणी शिंपडलं जात होतं आणि उसाशातून खण्ण असा पहारीचा आवाज आला. एक पाहुणा दचकला. नारोपंत धावत जाऊन उसाशात वाकले.

“ठोकाठोक बंद कर,” ते दबक्या आवाजात ओरडले. “काय सांगायचं ते तोंडानं सांग.”

हे त्यांना सुचलं आणि त्यांनी सांगितलं. पुढं निघताना तोंडानं काय सांगायचं हे हैबती आणि सगुणा यांच्यात नऊ वर्षांत कधी ठरलेलं नव्हतं, हे त्यांना कसं ठाऊक असणार. ते तसेच हौदाशी गेले आणि सगुणाच्या डोक्यावर उभे राहिले.

“पाहुणे चौथ्या बागेत आले. किती वेळ?”

“त्यांचा शबुद आल्याबिगर फळी उचलायची न्हाई,” सगुणा म्हणाली.

थोड्या वेळानं नळातून हैबतीचा आवाज आला. दमलेला होता, पण नेहमीचाच होता.

“येतो गं.”

सगुणा चपापली. पाचव्यापासून सातव्यापर्यंत एवढ्यात? तिनं तोंड नळाशी नेलं. “येता न्हवं?”

“येतो, येतो.”

“ऐकलंस ना?” नारोपंत म्हणाले. “मोज आता.”

तिनं शंभर आकडे मोजले. शेवटचे वीस नारोपंतांनी तिच्याबरोबर मोजले, घाई व्हावी म्हणून. मग तिनं फळी उचलली आणि मांडीवर घेतली.

खाली कमळाच्या चोवीस पाकळ्यांतून एकदम पाणी उडालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, असं सांगतात. त्यांना तरी काय दोष द्यायचा, ते बिचारे पाणी बघत होते. पण विडा चघळून होईपर्यंतच ते टिकलं. मग एकेक धार खाली आली आणि कारंजं थांबलं.

नारोपंत तोवर खाली पोचले होते, ते धापा टाकत पुन्हा वर आले. “फळी का टाकलीस?”

“फळी ही काय, मांडीवर हाय माज्या.”

दोघांनीही हौदाकडे पाहिलं. पाणी नळात जात नव्हतं, काठापर्यंत चढत होतं. सगुणानं नळाच्या तोंडाशी हात घातला आणि हाक मारली, “अवो.” पुन्हा मारली. ती हाका मारत राहिली आणि पाणी काठावरून तिच्या लुगड्यावर सांडत राहिलं.

हैबती सहाव्या आणि सातव्या उसाशाच्या मध्ये सापडला. तोंड सातव्याकडे, हातात कोयता, समोर मुळ्यांचा शेवटचा गुंता. सहाव्याखालून पुढं निघताना त्यानं तिला सांगितलं होतं. ठोका द्यायचा नव्हता आणि ‘जातो’ न म्हणायची शपथ होती. मग रोज सकाळी उंबऱ्यात जो निरोप घ्यायचा, तोच त्यानं घेतला.

सगुणाला हे सगळं कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती एकच वाक्य बोलली म्हणे. “म्याच शिकवलं त्यांस्नी तसं बोलाय.”

तेराव्यानंतर ती चुना कालवून सातव्या बागेत आली आणि त्या घराच्या कारंज्याकडे जाणारी पाण्याची वाट तिनं स्वतःच्या हातानं लिंपून टाकली. रंगराव ओसरीवर उभे होते. कारंज्यात पुन्हा पाणी खेळवायचं धाडस त्यांना झालं नाही आणि त्यांच्या मुलांनाही नाही.

सहा बागांना पाणी सोडायचं काम मात्र सगुणाच करत राहिली. ती कुणाशी भांडली नाही, कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. फक्त पेठेतून कुणी ‘येतो’ म्हणत निघालं की ती समोर उभी राहून विचारायची, “कधी?” आणि सांगितलेला दिवस पक्का धरायची. त्या दिवशी माणूस आलं नाही, तर फळी टाकून हौदाशी बसायची. एका कासारणीनं गमतीनं ‘पंचमीला’ म्हणून सांगितलं आणि ती दुसऱ्या दिवशी उगवली, तोवर सहा बागा कोरड्या. लोक चिडले. तिला वेड लागलंय, दुसरा माणूस नेमा, असं म्हणू लागले. पण फळीला हात लावायला कुणी पुढं झालं नाही.

मग तिसऱ्या घरची लेक मथुरा सासरी निघाली. सगळ्यांच्या पाया पडून “येते” म्हणाली.

“कधी?” सगुणानं विचारलं.

“दिवाळीला,” मथुरा म्हणाली.

दिवाळी आली, मथुरा आली नाही. ती तापानं गेल्याचा सांगावा आला. घरात आकांत झाला. त्या आकांतात सगुणाला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. ती फळी टाकून हौदाशी बसली ती सहा दिवस बसली. पोटात अन्न नाही. बागा सुकल्या, पण या वेळी तिच्यावर कुणी ओरडलं नाही. सहाव्या दिवशी मथुरेची आई सुतकातच उठून तिच्याशेजारी जाऊन बसली.

“सगुणाबाई, मथी गेली हो. ऊठ आता.”

“येते म्हनली व्हती.”

“म्हणाली होती. आपण सगळेच म्हणतो.”

“मग कशापाई म्हनता?” सगुणानं विचारलं.

ती माउली नुसती सगुणाचा हात धरून बसली. मग सगुणा रडली, हैबती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि दोघी बराच वेळ रडल्या. उन्हं उतरताना सगुणानं उठून फळी उचलली.

मथुरेची आई त्याच आठवड्यात घरोघर गेली. या बाईसमोर ‘येतो’ म्हणू नका, एवढंच तिनं मागितलं. म्हातारी माणसं कुरकुरली, अभद्र बोलायला आमची जीभ धजायची नाही म्हणाली. नव्या सुना ‘जाते’ म्हणून पटकन गालांवर मारून घ्यायच्या. पण तिसऱ्या घरच्या बाईला नाही कोण म्हणणार? हळूहळू जिभांना वळण लागलं. सगुणा पुन्हा कधी कुणासाठी हौदाशी बसली नाही.

तीस वर्षांनी ती थकली. शेवटच्या दिवशी तिनं सातव्या बागेत न्यायला सांगितलं. वाट लिंपली त्यानंतर तिनं त्या बागेत पाऊल टाकलेलं नव्हतं. बायकांनी तिला उचलून उसाशाच्या कठड्यावर टेकवलं. ती आत वाकली आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “येते हो.”

कधी, असं तिला कुणी विचारलं नाही. दिवेलागणीच्या आत ती गेली.

आजही कारंज्याची वाट चुन्यानं लिंपलेली आहे. नवा नळ जोडून देऊ म्हणून दोनदा विचारणा झाली, पेठेनं नको म्हटलं. आजही इथली लेक सासरी जाताना ‘जाते’ म्हणते आणि आई ‘जा’ म्हणते. बाहेरून आलेल्या सुनांना पहिली काही वर्षं हे ऐकवत नाही.

रविवारचे पाहुणे सातव्या बागेच्या फाटकातून एकेक करून बाहेर पडतात. तरुण मुलं-मुली ओशाळं हसत ‘जातो काका’, ‘जाते काका’ म्हणतात. गेल्या माघात एक साठीच्या बाई सगळ्यांच्या मागं राहिल्या होत्या. फाटकाशी येऊन त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण दोन्ही शब्दांतला एकही निघेना. शेवटी त्यांनी नुसते हात जोडले आणि त्या उतारावरून चालू लागल्या.

“जा,” सोपानराव त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.