सशाला न सांगितलेली गोष्ट

जंगल हत्तिणीच्या शब्दावर चालायचं, तेव्हाची गोष्ट. दिवसा गरुड पहारा द्यायचा, रात्री घुबड. नव्या निरोप्याला, सशाला, प्रधान कोल्ह्याने घाईत एवढंच सांगितलं, "दोघेही पहारेकरी. खबर हवी तर कुणालाही विचार."

एका सकाळी हत्तिणीने सशाला खिंडीतल्या वाटेची खबर आणायला पिटाळलं. घुबड ढोलीत झोपलं होतं, म्हणून ससा गरुडाकडे गेला.

"मला तरी काही दिसलं नाही बुवा," गरुड म्हणाला.

ससा धावत परतला. "वाट मोकळी आहे!"

हत्तिणीचं पिल्लू हुंदडत पुढे गेलं आणि शिकाऱ्यांनी रात्री खणून पाचोळ्याने झाकलेल्या खड्ड्यात कोसळलं. तळाशी टोकदार खुंट रोवलेले होते.

"गरुडाला रात्रीचं दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे," कोल्हा पुटपुटला.

"प्रधानजी, मला नव्हतं," ससा म्हणाला.

हत्तीण सोंडेने खड्ड्यातल्या निष्प्राण पिल्लावर माती लोटत राहिली.