ठमाबाईचा हौदा आणि झिपरीचा दाणा

एक होती गाडी. नाव तिचं ठमाबाई. पुढून मोटार, मागून टेम्पो!

असं कसं? अरे, ती होती जुनी मोटार. लोक म्हणाले, "टाका भंगारात!" इब्राहिम मिस्त्री म्हणाले, "थांबा, थांबा!" त्यांनी मागचा भाग कापला. लाकडी हौदा ठोकला. ठक ठक ठक! हौद्याला मागे दार लावलं. त्या दाराचं नाव फाळका. झाली ठमाबाई! रंग उडालेला, एक दिवा मिचमिचा. पण ऐट? ऐट तर विचारूच नका!

हौद्यात राहायची झिपरी खार. आज तिच्या बाळाचं उष्टावण. बाळ पहिला घास खाणार! पाट मांडला. मामा आला. झिपरीने जपून ठेवलेला शेंगदाणा काढला. एकच दाणा!

आणि टुपकन! दाणा पडला फाळक्याच्या फटीत.

बाळ रडलं, "चीं चीं चीं!"

झिपरी म्हणाली, "ठमाबाई, ठमाबाई, फाळका उघडा."

"फाळका गंजलाय गं! आधी तेल, मग फाळका."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, तेल घाला.
फाळका उघडेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"चहाशिवाय माझा हात चालत नाही. आधी चहा, मग तेल."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टपरीवर होती सखूमावशी.

"मावशी, मावशी, चहा करा.
मिस्त्री तेल घालेना,
फाळका उघडेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"दूध संपलं बाई! आधी दूध, मग चहा."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोठ्यात होती चंद्री म्हैस.

"चंद्री, चंद्री, दूध दे.
मावशी चहा करेना,
मिस्त्री तेल घालेना,
फाळका उघडेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"हम्मा! पोट रिकामं. कडबा पडलाय रानात. आधी कडबा, मग दूध."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. रस्त्यात होता नवा ट्रक. चकचक, चकचक!

"ट्रकदादा, ट्रकदादा, कडबा आणा.
म्हैस दूध देईना,
मावशी चहा करेना,
मिस्त्री तेल घालेना,
फाळका उघडेना,
बाळाचं उष्टावण होईना!"

"हॅ! रानातली वाट अरुंद. माझा रंग खरचटेल!"

"मग ठमाबाईला सांगू?"

ट्रक हसला, "ती? धड ना मोटार, धड ना टेम्पो!"

झिपरी रडतच परत आली.

"ठमाबाई, ठमाबाई, काय करू?
ट्रक कडबा आणेना,
म्हैस दूध देईना,
मावशी चहा करेना,
मिस्त्री तेल घालेना,
फाळका उघडेना,
बाळाचं उष्टावण होईना!
आणि तो म्हणाला, तुम्ही धड ना मोटार, धड ना टेम्पो!"

"अस्सं म्हणाला?" ठमाबाईने दिवा मिचकावला. "मी मोटार, म्हणून अरुंद वाटेने जाते. मी टेम्पो, म्हणून ओझं आणते. आणि हौदा कुणाच्या पाठीवर असतो गं?"

"हत्तीच्या!"

"आणि माझ्या!"

"पण फाळका उघडत नाही ना?"

"मग कडबा वरून टाका की!"

झिपरी, मामा आणि बाळ पुढच्या टपावर चढून बसले. खड खड खडाड! ठमाबाई निघाली. अरुंद वाट, मोठा खड्डा, धब्ब! पण थांबली नाही. रानात होते चंद्रीचे मालक, गणूतात्या. त्यांनी पेंढ्या वरून टाकल्या. धप धप धप! हौदा भरला काठोकाठ.

येताना नवा ट्रक भेटला. ठमाबाई म्हणाली, "पों पों!" ट्रक गुपचूप बाजूला झाला. म्हणाला, "या बाई, या!"

मग काय!
ठमाबाईने कडबा आणला.
म्हशीने दूध दिलं.
मावशीने चहा केला.
मिस्त्रीने चहा प्यायला, सुर्रर्र! आणि तेल घातलं.
फाळका उघडला, कुईं... धाड!

दाणा आला टुणकन बाहेर!

झिपरीने दाणा चावून मऊ केला. मामाने घास उचलला. बाळाने तोंड उघडलं, आऽऽ! झालं उष्टावण!

बाळ हौद्याच्या मधोमध बसलं. राजा बसतो ना हत्तीवर, तस्सं! ठमाबाईने गावभर फेरी मारली. पों पों, पों पों!

दाणा गेला पोटात,
ठमाबाई थाटात!