झाकण आवळून बसलेली बॅटरी

खुंटीवरच्या वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. हौसाक्कांच्या गोठ्यात खुंटीला एक जाडजूड पितळी बॅटरी लटकलेली असायची. एक दिवस हौसाक्कांनी बोटाएवढा टॉर्च आणला आणि त्याची परीक्षा घेतली. बादलीत बुडवला, दगडावर आपटला, मग दातांत धरून दोन्ही हातांनी म्हशीची धार काढली.

"गुणाचा गं बाई! उजेड दांडगा, नि हातही मोकळे."

बॅटरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मेला बोटभर, आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय!"

बॅटरी पडून राहणार असली, की आतले सेल काढून ठेवायची हौसाक्कांची रीत होती. त्यांनी झाकणाला हात घातला, तशी बॅटरीला वाटलं, आता माझे सेल ह्याच्या पोटात घालणार! तिने झाकण असं आवळून धरलं की ते फिरता फिरेना. हौसाक्कांनी नाद सोडला.

पुढे वादळात दोन दिवस वीज गेली. टॉर्च विझला आणि नेमकी म्हैस व्यायला लागली. "आली माझी पाळी!" बॅटरी हरखली. हौसाक्कांनी बटण दाबलं, पण उजेड पडेना. पकडीने झाकण उघडलं, तर सेल फुटून आत नुसता हिरवट चिकटा. शेवटी अंधारात चाचपडतच त्यांनी रेडकू ओढून काढलं.

"आजी, झाकण का गं आवळून धरलंस?" टॉर्चने विचारलं.

"माझे सेल तुला मिळू नयेत म्हणून."

"अगं, पण मी चार्जिंगवर चालतो. मला सेल लागतच नाहीत."